पोळपाटावरचा ट्रम्पेट

३ नोव्हेंबर, सोमवार

शी! परसातून आत येते तर म्हाताऱ्याच्या पोटावर कॉम्प्युटर! तोंड पुसायचं राहिलेलं, उशी लाळेनं ओली, खालचं फडकं बदललेलं नाही – आणि आमची नात वाकून त्याला शिकवतेय, "आबा, ह्या सुरावर बाण न्या, दाबा. मग रेघेवर न्या, दाबा. झाला एक सूर."

झाला म्हणे! गणपतीच्या आधी लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली, जीभ गेली. उरला डावा हात, तो भाताच्या लोंबीसारखा हलतो. बाण न्यायचा, बाण पळायचा. न्यायचा, पळायचा. माझ्या भाकऱ्या थापून झाल्या, चूल विझली, तरी सूर काही रेघेवर बसेना.

सुरभीला म्हटलं, "एवड्या येळात मी खळं सारवलं असतं गं."

"म्हणून तर मला पगार देतात आजी. सूर भराभर कसे घालायचे ते शोधायला."

पुण्याची कंपनी. गाणी लिहायचं सॉफ्टवेअर करतात. कोण कुठं कितीदा बोट आपटतं ते ही बघत बसते आणि आपटणं कमी करते. ह्याला शिक्षण म्हणायचं! दिवाळीला आली ती इथंच ठाण मांडून, घरून काम म्हणते. मी चौथी शिकले, पण बोटं आपटायचा पगार नाही मागितला कोणाकडं.

४ नोव्हेंबर

बघायला येणारे आले. ग्लुकोजचा पुडा आणतात आणि आमच्याच चहात बुडवून तोच संपवून जातात. गोष्टी कसल्या, तर लकव्यानं कोण कोण गेलं त्याच्या! म्हातारा ऐकत पडलेला. जीभ गेली म्हणजे कानही गेले असं धरून चालतात मेले. म्हटलं, "समदे मेलेले सांगून झाले असतील तर निघा. मला ह्यांचं फडकं बदलायचंय." पटापट उठले. फडक्याचं नाव काढलं की माया आटते.

५ नोव्हेंबर, बुधवार

नामा आला. म्हाताऱ्याच्या बँडमधला दुसरा ट्रम्पेट. पहिला म्हातारा स्वतः. लोधिवलीपासून खालापुरापर्यंत कोणाचंही लग्न निघू दे, बँड ह्यांचाच. सगळे मास्तर म्हणतात. मास्तर! घरात कधी खिळा ठोकला नाही सरळ.

नामाच्या ऋतुजाचं लग्न तीस तारखेला. आणि चाल नाही! बँडवाल्यांची एक रीत आहे. शिनेमाची गाणी गिऱ्हाइकाला. आपल्यातल्या कोणाच्या पोरीचं लग्न असलं की मास्तर नवी चाल बांधतो. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की मांडवात शिरेपर्यंतची. रस्त्याच्या मापानं शिवल्यासारखी – चढावर सावकाश, टाकीपाशी पोरं नाचतात तिथं धांगडधिंगा, वळणावर वेगळं. त्या पोरीसाठी एकदा वाजली की संपली, पुन्हा कोणासाठी नाही. एवढी मेहनत एका संध्याकाळसाठी! मला तर कधी पटलं नाही.

नामा खाटेच्या पायाशी उभा. "काकी, उसनं गानं वाजवून माजी पोर मांडवात न्यायाची? मीच बँडवाला नि मीच? लोक म्हनतील नामा मास्तरला मेलेला धरून बसला."

आणि रडला. पुरुष रडला की मला ओकारी येते. नाक पुसायला माझा टॉवेल घेतला वर.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं डावा हात खाटेच्या पट्टीवर आपटला. धाड, धाड, धाड. तोंडातून गुं गुं. डोळे असे की आता खाटेवरून उठतोय. बांधणार म्हणतो! तोंडात पाणी ठरत नाही आणि चाल बांधणार! वीसेक माणसांचा बँड, प्रत्येकाच्या हातात सुरांचा कागद द्यावा लागतो. हा तोंडानं सांगणार कसा आणि लिहिणार कशानं? नामाला तसं तोंडावर म्हटलं. सुरभी मध्ये पडली, "मी आहे ना."

तू हायेस! परवा एक सूर नाही बसला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आता दुसरं खूळ. बाण नको, कीबोर्ड. अक्षरांवर चिकटपट्ट्या लावून सा रे ग म लिहिलं. आधी सुराची लांबी निवडायची, मग सूर दाबायचा. आणि मग पुन्हा लांबी. म्हातारा सूरच दाबतो आणि दाबून धरून बसतो. मशीन विचारतं, लांबी कुठाय? बोट निघालं की घसरतं, सा वरून रे ला घासून ग वर जाऊन पडतं. तीन सूर एकदम. पुसा! पुन्हा!

"आबा, आधी लांबी. जगभर असंच करतात."

तिसऱ्यांदा म्हणाली तशी त्यानं चिकटपट्टी नखानं उपटली आणि खाल्ली. खाल्ली! तोंडात बोट घालून मला काढावी लागली. त्याच्या दातात अडकलेला रे. सुनेला, सोनालीला, हसू आलं. तिनं घालायचं होतं बोट.

९ नोव्हेंबर

पेज थुंकली, माझ्या लुगड्यावर. आजारानं थुंकतो तेव्हा डोळे मिटलेले असतात. आज उघडे होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायलाही कसंतरी होतं. पण वहीला नाक नाही ते बरंय.

सकाळी म्हाताऱ्याला कुशीवर वळवून साफ करत होते. वास असा की सकाळचा चहा वर आला. त्याचा डावा हात माझ्या दंडावर ठेवून घेतला होता, आधाराला. तर बोटं चाळवायला लागली. तीन बोटं. वरखाली, वरखाली.

"खाज सुटली का तुमाला? का वय इसरलात?" म्हणून चापट दिली. बोटं थांबली. पुन्हा सुरू.

सुरभी दारात उभी. "आजी, हलू नकोस!"

"अगं, हातात फडकं हाय माज्या –"

"राहू दे फडकं. आबा, पुन्हा करा. आजी, दंड सरळ धर."

ट्रम्पेटवर तीन खटके असतात. तीन बोटांना तीन. ते कधी एक, कधी दोन, कधी तिन्ही दाबून सगळे सूर काढायचे, बाकीचं ओठानं. म्हातारा माझ्या दंडावर ट्रम्पेट वाजवत होता! जन्मभर उजव्यानं वाजवला, आता डाव्यानं. आणि मी तशीच उभी – एका हातात हगलेलं फडकं, दुसऱ्या हाताची पिपाणी झालेली – आणि नात मोबाइलवर शूटिंग काढतेय! कंपनीतल्या साहेबाला दाखवणार म्हणे.

म्हटलं, "त्यात फडकं दिसलं ना, तर तुजा मोबाइल चुलीत घालीन."

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझा पोळपाट गेला!

चपात्या लाटायला घेते तर जागेवर नाही. बघते तर म्हाताऱ्याच्या पोटावर. वर दारावरच्या बेलचे तीन खटके चिकटवलेले, एका बाजूला चौथा, खालून वायरी लोंबतायत. वायरी जुन्या कीबोर्डच्या पोटातल्या, तो फोडला तिनं. "आजी, एवढा जड दुसरा पाटच नव्हता घरात. हा सरकत नाही."

सरकत नाही म्हणूनच तर ठेवला होता मी तो, टवळे!

तीन खटके तीन बोटांना. चौथा अंगठ्याला, ती फुंक. ट्रम्पेटचा एकही खटका न दाबता फुंकलं तरी सूर निघतो, म्हणून फुंक वेगळी सांगावी लागते. अंगठा दाबला की सूर सुरू, उचलला की बंद. जेवढा वेळ दाबला तेवढी लांबी. आधी काही निवडायला नको. अंगठा वर असला तर कॉम्प्युटर कागदावर आडव्या रेघा टाकत जातो, म्हणजे इथं गप्प. आणि एकाच दाबण्यातून दोन-तीन सूर निघू शकतात, तर मागच्या सुराच्या जवळचा असेल तो कॉम्प्युटर आपणच धरतो. चुकला तर करंगळीनं टिचकी मारायची, मग दुसरा धरतो.

हे सगळं ती मी भाकऱ्या करताना सांगत होती. मी ऐकतच नव्हते. लक्षात राहिलं त्याला मी काय करू!

१३ नोव्हेंबर

सोनालीनं ताट उपडं घालून चपात्या लाटल्या. माथेरानचा डोंगर बरा त्यापेक्षा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चाललं मेलं ते!

सकाळपासून म्हातारा पोळपाट घेऊन बसलाय. मागं तीन उश्या, तोंड उघडं, जीभ बाहेर, घामानं गंजीफ्रॉक चिकटलेला. दिसायला इतका ओंगळ की काय सांगू. पण बोटं? बोटं भात पाखडल्यासारखी चाललेली. एकदाही अडली नाहीत. कॉम्प्युटर मागचा सूर बघून पुढचा ओळखतो तो बहुतेक बरोबरच ओळखतो, चुकला की म्हाताऱ्याची करंगळी त्याच्या टाळक्यात. दुपारपर्यंत देवळापासून टाकीपर्यंतचा रस्ता झाला.

"आजी, आबा माझ्यापेक्षा भराभर घालतात! मी दोन हातांनी, ते एका!" सुरभी नाचायला लागली. साहेबाला लावलं. साहेबानं कॉम्प्युटरमधून टाळ्या वाजवल्या. गोरा हाय काय विचारलं, तर साताऱ्याचा निघाला.

आवाज मात्र! त्या पेटीतून निघतो तो ट्रम्पेट नव्हे, डबीत कोंडलेली गांधीलमाशी. तेच तेच, तेच तेच, दिवसभर! गोठ्यातली म्हैस दूध चोरायला लागली. मी कानात कापूस घातला तर नाकानं ऐकू येतंय असं वाटतं.

दुधात कुस्करलेली भाकरी सगळी खाल्ली. अंगावर सांडली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बिघडलं. मला वाटलंच होतं.

टाकीच्या पुढचा चढ झाला, वळण झालं, आणि मग कागदावर नुसत्या आडव्या रेघा. रेघा, रेघा, रेघा. मग पुन्हा सूर. सुरभी म्हणते अंगठ्याचा खटका लागत नाहीये, आबा दाबतात पण कॉम्प्युटरला पोचत नाही. उलटा करून वायरी डकवल्या. पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा त्याच जागी रेघा.

"आबांचा अंगठा दमतो बहुतेक." म्हणून खटक्याखाली स्पंज घातला. माझा भांडी घासायचा! नवा होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

स्पंज घालूनही तेच. सगळे सूर येतात, त्या एकाच जागी रेघा.

साहेबानं तोडगा सांगितला. सूर घालणाऱ्याचा हात अडखळला तर सॉफ्टवेअरनं आपणच ती फट मिटवायची, मागचे पुढचे सूर जोडून टाकायचे. माणसाचा वेळ वाचतो म्हणे. सुरभीनं म्हातारा झोपलेला बघून तसं करून ठेवलं. उठल्यावर कौतुकानं ऐकवलं, "बघा आबा, आता कुठं तुटत नाही."

वळण आलं आणि फट काही आली नाही, सूर आपले पुढं पळाले. म्हाताऱ्याचं तोंड आधी पांढरं मग जांभळं. असा ओरडला! जनावर अडकल्यासारखा. आणि पोळपाट ढकलला तो थेट माझ्या पायावर. जड म्हणून निवडला होता ना? बसला बरोबर अंगठ्यावर!

त्याला शिव्या दिल्या. सुरभीला दिल्या. साताऱ्याच्या साहेबालाही दिल्या, तो कॉम्प्युटरवर चालूच होता.

२० नोव्हेंबर

अंगठा वांग्यासारखा. चप्पल जात नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस म्हातारा पोळपाटाला हात लावेना. भिंतीकडं तोंड. पेज नाही, दूध नाही. नामा दारात येऊन चौकशी करतो आणि मान खाली घालून जातो. लग्न तोंडावर आलं, चाल अर्धी. आणि ही शहाणी कॉम्प्युटरसमोर डोकं धरून, "आजी, चुकतंय कुठं तेच कळत नाही."

शेवटी मीच गेले लंगडत. "ते मदलं त्याचं त्याला परत दे."

"अगं ती चूक आहे. एवढी मोठी गप्प जागा चालीत कोण ठेवतं? लोकांना वाटेल बँड बंद पडला."

"आख्खा रस्ता फुंकत जायाचं, मानसाला दम लागत नाय? दम खायला ठेवली असंल जागा. तुला काय करायचंय? त्याची चाल हाय, त्याला हगू दे तिच्यात."

"आजी!"

"मंग काय! तुजं मशीन त्याचा येळ वाचवतंय. येळाचं तो लोनचं घालनार हाय काय खाटेवर पडून?"

बसली तोंड वाकडं करून आणि दिलं परत. रेघा होत्या तशा. पोळपाट मीच पोटावर ठेवला त्याच्या. बराच वेळ बघत राहिला, मग अंगठा टेकवला. मी निघाले तर लुगड्याचा पदर धरून ठेवला होता. कशाला ते कळलं नाही. ओढून घेतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झाली चाल. मांडवाच्या दारापर्यंत.

सुरभीनं चौकच्या बाजारात जाऊन छापून आणली. प्रत्येकाचा वेगळा कागद, सा रे ग म मध्ये, वर 'मालोजी मास्तर' असं मोठ्या अक्षरात. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण वाचलं. चांगलं ठसठशीत आलंय.

नामा कागद डोक्याला लावतो, म्हाताऱ्याच्या पायांना लावतो, सुरभीच्या हातात पेढ्याचा बॉक्स देतो – नुसता चिकट! म्हाताऱ्याला पेढा भरवला त्यानं, तो हनुवटीवरून गळ्यात. पुसायला कोण? मी.

"मास्तर, मदी लय मोठी गप्प जागा हाय जी?"

म्हातारा डोळे मिटून पडलेला.

"बरं बरं. चालून बघताना कळंल."

सुरभीच्या साहेबानं पोळपाटाचा फोटो मागितला. कंपनीत तसा पाट बनवणार म्हणे. बनवा. माझा परत द्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार



संध्याकाळी बँडवाले चाल बसवायला चालत निघाले, मारुतीपासून. लुंगीवर, बनियनवर, कागद पाठीला पिना लावून, पुढच्याच्या पाठीवरचा मागच्यानं वाचायचा. ही यांची रीत. सुरभीनं म्हाताऱ्याला खाटेसकट ओटीवर आणायला लावलं. मी आपली शेजारी वाल सोलत.

लांबून ऐकू आलं. खोटं का बोलू – त्या डबीतल्या गांधीलमाशीचं हे झालं असेल असं वाटलं नव्हतं. टाकीपाशी आले तर धुरळा उडाला नुसता, शाळेतली पोरं मागं. चढ सावकाश चढले. वळण घेतलं. आता आमचं घर.

आमच्या कुंपणापाशी आले आणि थांबले. पाय नव्हे, वाजवणं. सगळं एकदम, सुरी फिरवल्यासारखं. कागदावर रेघा होत्या ना! ट्रम्पेट खाली, क्लॅरनेटवाल्या रमजानचा हात खाली, ढोल गप्प. नुसत्या चपला. चर्र चर्र. आमचं दार ओलांडलं, पलीकडच्या आंब्यापाशी पोचले आणि पुन्हा सुरू!

दोन पावलं वाजवून त्यांचं त्यांनाच कळलं. एकेक करून बंद पडले. मागं वळून बघायला लागले.

ज्या घरात सुतक असतं त्या दारावरून लग्नाचा बँड वाजवत नेत नाहीत. दारापुरता गप्प होतो, नुसते पाय चालतात, दार मागं पडलं की पुन्हा वाजवायचं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, बँड कोणाच्या दारात गप्प झाला म्हणजे काय ते.

सुरभीनं विचारलं, "काय झालं? का थांबले सगळे?" तिला शहरात राहून ठाऊक नाही. सोनालीनं तिच्या कानात सांगितलं. ती खाटेकडं बघत राहिली.

माझ्या सुपातले वाल सगळे खाली सांडले. कोंबड्यांनी खाल्ले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं तोंडावर.

"अवो, हितं कोन मेलंय?"

डावा हात उचलला, छातीवर ठेवला.

"कवा?"

खांदा उडवला. एकच उडतो.

"मला वाटलं तुमी चाल बांधताय! सुतक बांधत व्हता तुमी? तीस तारखेच्या आत जायाचं ठरवलं व्हतं, मंग ऱ्हायलात कशाला?"

सुरभी रडत बाहेर गेली. जाऊ दे.

नामा आला. तो मात्र रडला नाही आज. म्हणाला, "काकी, मास्तर गेला असता ना, तर मी बँड उचलला नसता. कोनीच नसता उचलला. माज्या पोरीचं लगीन मुकं झालं असतं. त्याला ठावं व्हतं ते. म्हनून लिवून ठेवलं – वाजवा, फकस्त माज्या दारात गप्प व्हा."

"बरं. पन गेला नाय ना तो! हा काय पडलाय, पेज गिळून. मंग वाजवा सरळ."

"मास्तरच्या कागदातला सूर आमी हालवत नाय. त्याला इचारा."

सुरभीनं डोळे पुसून कॉम्प्युटर आणला. "आबा, एक बोट दाबलं की फट जाते. काढू?"

मान हलवली. नाही.

"आबा, प्लीज."

नाही.

हट्टी! लिहिलं म्हणजे लिहिलं! सोनाली म्हणते, जित्या माणसाच्या दारात सुतकाचा बँड म्हणजे अपशकुन, त्या दिवशी दार लावून आत बसू. नामा म्हणतो, दुसऱ्या वाटेनं नेऊ, पण चाल ह्या वाटेच्या मापाची. सगळे माझ्याकडं बघतात. मी काय करू? मला सूर कळतो का ताल?

किळस आली सगळ्यांची. ह्याची जास्त. रोज सकाळी ह्याचं सगळं मी काढते, कुठल्या कुशीवर काय दुखतं ते मला माहीत, आणि मरायची तयारी केली ती मला न सांगता! बँडला सांगितली! माझ्याच पोळपाटावर बसून!

२९ नोव्हेंबर

नामाकडं हळद. गेले नाही. दिवसभर म्हाताऱ्याशी बोलले नाही. त्याला काय फरक, तोही बोलत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दार लावू दिलं नाही मी. खाट ओटीवरच ठेवली. नवरदेव आला, बँड आला, आमच्या कुंपणापाशी गप्प झाला. माना खाली घालून चालायला लागले मेले.

मी पिठाची परात घेतली, पळी घेतली, रस्त्यात उतरले आणि ते आंब्यापाशी पोचेपर्यंत बडवत राहिले. ताल नाही, सूर नाही, नुसती बडवली. घोडं बिथरलं. नवरदेवाचा फेटा सुटला. मग बँड सुरू झाला.

मागं वळून बघितलं तर म्हातारा हसत होता. अर्ध्या तोंडानं. काय घाण दिसतं!